टोर्नेडो कुठे होतो, केव्हा होतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅलसजवळ राहायला आल्यापासून दर एप्रिलमध्ये फोन ठरलेले. तिकडे टीव्हीवर उडालेली छपरं दिसली, की सांगलीहून मामा विचारणार, "तुमच्याकडे नाही ना रे?" मग मावशी, मग मित्र. उत्तरं तीच, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. टोर्नेडोच्या बाबतीत 'कुठे' आणि 'केव्हा' हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. मे महिन्याचा नकाशा डिसेंबरमध्ये उपयोगाचा नाही.

टोर्नेडो म्हणजे चक्रीवादळच ना?

नाही. आपली वर्तमानपत्रं दोन्हींना सर्रास 'चक्रीवादळ' म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं 'निसर्ग' हे चक्रीवादळ. ते समुद्रावर जन्मलं, काही दिवस जगलं, त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा होता आणि ते येतंय हे आधीपासून ठाऊक होतं. टोर्नेडो हा एकाच गडगडाटी ढगाचा उद्योग. ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत टेकलेला, गरगर फिरणारा हवेचा खांब. रुंदी बहुधा शंभर-दोनशे मीटरच्या आत, आयुष्य बहुधा दहा मिनिटांच्या आत. अपवाद अर्थातच आहेत. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रीनो इथे झालेला टोर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद होता. समोर उभं राहिलं तर त्याचा खांब दिसतच नाही, नुसती काळी भिंत दिसते. वादळांचा अभ्यास करण्यात हयात घालवलेले टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यातच गेले.

पुस्तकी मराठीत 'घूर्णवाती वादळ' असा शब्द आहे. बोलताना तो मी कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही, म्हणून इथे टोर्नेडोच.

मग चैत्रात माळावर फिरते ती वावटळ?

वावटळीला वर ढग लागत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा उसळून वर जाते, जाताना फिरते, पाचोळा आणि धूळ उचलते, कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल नेते आणि विरते. निरभ्र, कडक उन्हाच्या दुपारी ती होते. टोर्नेडोला मात्र वर उंच, वीजवाला ढग हवाच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात केशवनगर-खराडीकडे नदीवर उभे राहिलेले डासांचे खांब 'टोर्नेडो' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरले. ते डासच होते. त्यांचं कारण नदीच्या पाण्यात शोधावं, आभाळात नाही.

टोर्नेडो तयार कसा होतो?

हे समजलं की पुढची बरीच उत्तरं आपली आपण सुटतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

तीन गोष्टी एका वेळी, एका जागी याव्या लागतात. जमिनीलगत उबदार, दमट हवा. तिच्या वरच्या थरात कोरडी, थंड हवा. आणि उंचीबरोबर बदलत जाणारा वारा, म्हणजे जमिनीजवळ दक्षिणेकडून बेताचा, वर नैऋत्येकडून जोराचा, त्याच्याही वर पश्चिमेकडून सुसाट. पहिल्या दोन गोष्टींनी ढग उंच चढतो. एवढंच असेल तर वीज, गारा आणि पाऊस, आपल्या वळवासारखा. तिसरी गोष्ट आली की मामला वेगळा होतो.

देवघरासाठी कापसाची वात वळताना खालचा तळवा जवळजवळ स्थिर असतो आणि वरचा पुढे सरकतो. मधला कापूस गोल फिरत फिरत वात होतो. खालचा वारा हळू आणि वरचा जोरात असला, की मधल्या हवेची अशीच आडवी वात वळली जाते. ढगात वर चढणारा झोत ही आडवी वात उचलून उभी करतो, आणि मग अख्खा ढगच फिरू लागतो. याला इथे 'सुपरसेल' म्हणतात. पुढे त्यातली फिरकी आवळत जमिनीपर्यंत आली, तर टोर्नेडो. हे 'तर' मोठं आहे. चार-पाच सुपरसेलमधून एखादाच टोर्नेडो होतो. शेवटच्या क्षणी एखादाच का होतो आणि बाकीचे का नाही, याचं चोख उत्तर अजून शास्त्रज्ञांच्याही हाती लागलेलं नाही.

जगात सगळ्यात जास्त टोर्नेडो कुठे होतात?

अमेरिकेत, आणि दुसरा कुठलाही देश जवळपासही नाही. वर्षाला साधारण १,२००. याचं कारण भूगोल. दक्षिणेला मेक्सिकोचं आखात, म्हणजे दमट हवेचा न संपणारा साठा. पश्चिमेला रॉकी पर्वत आणि त्यापलीकडचं कोरडं पठार. उत्तरेला थेट कॅनडापर्यंत आडवा असा एकही डोंगर नाही. आपल्याकडे उत्तरेची थंडी हिमालय अडवतो, तसं इथे कुणी अडवणारं नाही. त्यामुळे दोन्हीकडच्या हवा येऊन मधल्या मैदानात भेटतात.

कोरडी आणि दमट हवा यांच्यामधली सीमा पश्चिम टेक्सासमध्ये कधी कधी इतकी स्पष्ट असते, की गाडीने तासाभराच्या अंतरात घशाला पडलेली कोरड जाऊन अंग चिकट होतं. दुपारी ढग फुटतात ते याच रेषेवर.

'टोर्नेडो ॲली' नक्की कोणती? ती सरकते आहे असं ऐकलं.

ॲली म्हणजे गल्ली. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का या उभ्या पट्ट्याला लोक ते नाव देतात. ही सरकारी हद्द नाही, त्यामुळे दर नकाशात ती वेगळी दिसते.

खरी गोष्ट अशी, की मृत्यूंचा हिशेब मांडला तर या गल्लीपेक्षा पूर्वेकडची राज्यं जास्त पोळलेली दिसतात : मिसिसिपी, अलाबामा, टेनेसी, आर्कान्सा. तिथे झाडी दाट, जमीन चढउताराची, त्यामुळे येणारा टोर्नेडो लांबून दिसत नाही. बरेचसे रात्री होतात आणि चाकांवर आणून ठेवलेल्या हलक्या घरांत राहणारी माणसंही तिथे पुष्कळ. २५ ते २८ एप्रिल २०११ या चार दिवसांत साडेतीनशेहून जास्त टोर्नेडो झाले आणि सर्वांत मोठा तडाखा अलाबामाला बसला. गेल्या चाळीसेक वर्षांच्या नोंदींत टोर्नेडोला पोषक दिवस मैदानी प्रदेशात थोडे कमी आणि मिसिसिपी नदीच्या पूर्वेला थोडे जास्त झालेले दिसतात. 'सरकते आहे' म्हणतात ते एवढ्यापुरतं. ओक्लाहोमा सुटलं, असं नाही.

कोणत्या महिन्यात भीती जास्त?

अमेरिकेत मे महिन्यात सगळ्यात जास्त. एका मेमध्ये सरासरी अडीचशेच्या वर. त्याखालोखाल एप्रिल आणि जून. पण हे अख्ख्या देशाचं सरासरी उत्तर झालं, म्हणजे कुणाच्याच कामाचं नाही.

हंगाम उत्तरेकडे सरकत जातो असं समजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो आखाताच्या किनाऱ्यावर, लुइझियाना-मिसिसिपीत असतो. एप्रिलमध्ये अलाबामा, आर्कान्सा, उत्तर टेक्सास. मे आणि जूनचा पहिला आठवडा ओक्लाहोमा-कॅन्ससचा. जून-जुलैत डाकोटा, मिनेसोटा, आयोवा. या सरकण्यामागे वरच्या थरातला पश्चिमेचा वेगवान वारा आहे. उन्हाळा चढतो तसा तो उत्तरेकडे जातो आणि फिरकी आपल्याबरोबर घेऊन जातो. जुलैत आमच्याकडे उकाडा असह्य, दमटपणा भरपूर, पण वरचा वारा नाही. म्हणून टोर्नेडोही क्वचित. शरदात हाच वारा परत दक्षिणेला उतरतो आणि नोव्हेंबरच्या आसपास दक्षिणेत एक छोटा दुसरा हंगाम येतो.

पंचांगासारखं पक्कं मात्र यात काहीच नाही. शिकागोजवळच्या प्लेनफील्डला २८ ऑगस्ट १९९० रोजी सर्वोच्च श्रेणीचा टोर्नेडो झाला आणि २९ माणसं गेली. तिथून नेपरव्हिल हाकेच्या अंतरावर, आणि तिथे आज मराठी घरं कमी नाहीत.

हिवाळ्यात तरी निर्धास्त राहावं का?

डिसेंबरमधली दोन उदाहरणं देतो. २६ डिसेंबर २०१५, नाताळच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, डॅलसला लागून असलेल्या गार्लंड-राउलेटमध्ये टोर्नेडोने दहा बळी घेतले. आणि १० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकीतलं मेफील्ड गाव उद्ध्वस्त झालं. तो एकच टोर्नेडो जमीन न सोडता सुमारे २६६ किलोमीटर गेला, म्हणजे मुंबईहून निघून साताऱ्याच्याही पुढे. ५७ माणसं गेली.

हिवाळ्यात टोर्नेडो कमी होतात. पण त्या दिवसांत वरचा वारा जोरात असल्याने ढग पळतात वेगाने, आणि सहाच्या आत अंधारही पडलेला असतो.

दिवसातल्या कोणत्या वेळी?

बहुतेक दुपारी चार ते रात्री नऊ. दिवसभर तापलेली हवा तेव्हा चढायला तयार असते. पण मेफील्डचा रात्री साडेनऊच्या सुमारास झाला आणि दक्षिणेत पहाटेचेही होतात. रात्रीचा टोर्नेडो दिवसाच्या मानाने सुमारे अडीच पट अधिक वेळा जीव घेतो, कारण माणसं झोपलेली असतात आणि गावात इशाऱ्यासाठी बसवलेला भोंगा बंद घरात ऐकू येत नाही. भोंगे बाहेर असलेल्यांसाठीच बसवलेले आहेत. म्हणून रात्री फोन 'सायलेंट'वर टाकणाऱ्यांनी धोक्याचा इशारा तरी वाजू द्यावा. हे मी घरातल्यांनाही सांगतो आणि तेही दर वेळी "हो हो" म्हणतात.

भारतात टोर्नेडो होतात का?

होतात, आणि पूर्व भारत-बांगलादेश हा जगातला एक अगदी खरा टोर्नेडोचा पट्टा आहे. आपल्याकडे बोललं जात नाही, एवढंच.

वरचे तीन घटक आठवा आणि आखाताऐवजी बंगालचा उपसागर घ्या. मार्च ते मे दक्षिणेकडून दमट हवा बंगालमध्ये शिरते. छोटा नागपूरच्या पठारावरून तापलेली कोरडी हवा तिच्यावर येते. वर पश्चिमेचा जोरदार वारा अजून हललेला नसतो. मग दुपारनंतर वायव्येकडून काळे ढग येतात. बंगाली माणूस त्यांना 'काळबैशाखी' म्हणतो. बहुतेक काळबैशाखी धूळ, वीज आणि पाऊस देऊन जातात. एखादीच्या पोटातून टोर्नेडो उतरतो. टेक्सासमध्ये टोर्नेडो साधारण नैऋत्येकडून ईशान्येकडे जातात. बंगालमध्ये ढग वायव्येकडून येत असल्याने टोर्नेडोही बहुधा आग्नेयेकडे सरकतात. पावसाळा बसला की कोरडी हवाच उरत नाही आणि हंगाम संपतो.

जगातला सर्वांत घातक मानला जाणारा टोर्नेडो अमेरिकेतला नाही. २६ एप्रिल १९८९ रोजी संध्याकाळी बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर-साटुरिया भागात तो झाला. सुमारे १,३०० मृत्यू. तो भाग तेव्हा महिनोन् महिने पावसाची वाट पाहत होता. १३ मे १९९६ रोजी टांगाइल भागात आणखी सुमारे सातशे. पत्र्याची आणि कुडाची घरं, दाट वस्ती आणि इशारा देणारी यंत्रणा नाही. अमेरिकेतला सर्वांत घातक टोर्नेडो १८ मार्च १९२५ चा. मिसुरी, इलिनॉय, इंडियाना अशा तीन राज्यांतून तो साडेतीन तास चालला आणि ६९५ माणसं गेली. म्हणजे संख्येने अमेरिका कितीही पुढे असली, तरी बळींच्या हिशेबात बांगलादेशच्या एका संध्याकाळीपुढे ती अर्ध्यावर येते.

भारताच्या हद्दीतलं पाहायचं तर ८ एप्रिल १८३८ रोजी कलकत्त्याच्या पूर्वेला झालेल्या टोर्नेडोत दोनशेवर माणसं गेल्याची नोंद आहे. मार्च १९९८ मध्ये बंगाल-ओडिशा सीमेवर, दांतनच्या परिसरात, शंभराहून जास्त. ३१ मार्च २००९ रोजी ओडिशातलं राजकनिका, आणि बरोबर पंधरा वर्षांनी, ३१ मार्च २०२४ रोजी, जलपायगुडीतलं मयनागुडी. तारीख जुळली हा योगायोग. महिना जुळला तो मात्र योगायोग नाही.

उत्तरेतही कधीमधी होतात. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरात काही मिनिटांत २८ माणसं गेली. २४ मार्च २०२३ रोजी पंजाबात फाजिल्का जिल्ह्यातल्या बकैनवाला गावात घरं पडली. हे दोन्ही मार्चमधलेच, कारण पश्चिमेकडून येणारे हिवाळी झंझावात तेव्हा पूर्ण थांबलेले नसतात.

आणि महाराष्ट्रात? गोव्यात?

आपल्याकडे टोर्नेडोचा असा हंगाम नाही. एप्रिल-मेमध्ये दख्खनच्या पठारावर ढग उंच चढतात, गारा पडतात, द्राक्षबागा झोपतात. पण पीळ घालणारा वरचा पश्चिमेचा वारा तोवर बहुधा उत्तरेला गेलेला असतो. वात वळायला दुसरा तळवाच नाही. पावसाळ्यात दमटपणा असतो, पण कोरडी हवा नसते. किनाऱ्यालगत समुद्रावर ढगातून सोंड उतरल्यासारखी कधी दिसते. तो जलस्तंभ. बहुधा दुबळा असतो आणि जमिनीला लागला की मोडतो. मासेमारीच्या लहान होडीने मात्र त्याच्यापासून लांबच राहावं.

आपल्याकडे नुकसान होतं ते बहुतेक सरळ वाऱ्याने. ढगातून थंड हवा कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरचा जाहिरातफलक पडून १७ माणसं गेली. तो टोर्नेडो नव्हता. झाडं कशी पडली ते पाहून फरक कळतो. एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी बाहेर पडली असतील तर सरळ वारा. एकमेकांकडे, पीळ पडल्यासारखी पडली असतील तर संशयाला जागा आहे.

नदी, टेकडी, उंच इमारती टोर्नेडोला अडवतात का?

कॅन्ससमधल्या टोपेका शहराची अशीच श्रद्धा होती. नैऋत्येला बर्नेट्स माउंड नावाची टेकडी आहे आणि ती शहराचं रक्षण करते, असं म्हणत. ८ जून १९६६ रोजी टोर्नेडो थेट त्या टेकडीवरूनच आला आणि शहर तिरकं कापत गेला. सेंट लुइस तर मिसिसिपीच्या काठी, आणि २७ मे १८९६ चा टोर्नेडो नदी ओलांडून पलीकडच्या गावातही गेला. उंचीचं म्हणाल तर २१ जुलै १९८७ रोजी वायोमिंगमध्ये तीन हजार मीटरच्या आसपास उंचीवरचं जंगल एका टोर्नेडोने आडवं केलं. शहरांचंही तेच. ११ ऑगस्ट १९९९ रोजी तो सॉल्ट लेक सिटीच्या भर वस्तीत शिरला. शहरं नकाशावर छोटी असतात म्हणून कमी वेळा सापडतात.

एकाच गावाला दोनदा?

कॅन्ससमधलं कोडेल हे गाव माझं आवडतं उदाहरण. २० मे १९१६ ला टोर्नेडो. २० मे १९१७ ला टोर्नेडो. २० मे १९१८ ला पुन्हा टोर्नेडो. एकोणीसशे एकोणीसच्या मेमध्ये त्या गावातली मंडळी किती वेळा पश्चिमेकडे पाहत असतील! त्या तारखेला काही झालं नाही.

ओक्लाहोमातलं मूर हे आजचं उदाहरण. ३ मे १९९९ आणि २० मे २०१३, दोन्ही सर्वोच्च श्रेणीचे. पहिल्यात रडारने जमिनीच्या थोड्या वर ताशी जवळजवळ ५०० किलोमीटरचा वारा टिपला. टोर्नेडोला स्मरणशक्ती नसते, त्यामुळे 'येऊन गेला, आता नाही' या बोलण्याला अर्थ नाही.

आम्ही कॅलिफोर्नियात आहोत. आम्ही न्यू जर्सीत. आम्ही तर इंग्लंडमध्ये.

पन्नासही राज्यांत टोर्नेडोची नोंद आहे. कॅलिफोर्नियात ते थोडे आणि बहुधा दुबळे. १४ डिसेंबर २०२४ रोजी सांताक्रूझजवळच्या स्कॉट्स व्हॅलीत एकाने गाड्या उलटवल्या. न्यू जर्सीत १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढगांतून मलिका हिल इथे बऱ्यापैकी जोराचा झाला. इंग्लंडची गंमत अशी, की क्षेत्रफळाच्या मानाने तिथले टोर्नेडो संख्येने जगात बरेच वर आहेत, देशभरात वर्षाला तीसेक. पण बहुतेक कौलं हलवून जातात. २८ जुलै २००५ रोजी बर्मिंगहॅममध्ये झाला तो त्यातला दांडगा.

बाकी जगात?

अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत. अर्जेंटिना आणि दक्षिण ब्राझील, दक्षिण आफ्रिका, चीनचा पूर्व भाग, मध्य युरोप. २३ जून २०१६ रोजी चीनमध्ये यांचेंगजवळ शंभराच्या घरात माणसं गेली. २४ जून २०२१ रोजी चेक प्रजासत्ताकात मोरावियाची गावं उद्ध्वस्त झाली. डिसेंबर १९९८ मध्ये नेल्सन मंडेला दक्षिण आफ्रिकेत एका औषधांच्या दुकानात असताना बाहेरून टोर्नेडो गेला. ते सुखरूप राहिले. तिथे डिसेंबर म्हणजे उन्हाळा, हे विसरू नका. उत्तर गोलार्धात टोर्नेडो बहुधा घड्याळाच्या उलट फिरतो, दक्षिणेत घड्याळाप्रमाणे. विषुववृत्तावर जवळजवळ नाहीतच, कारण वरचा वेगवान वारा तिथे नसतो.

चक्रीवादळातून टोर्नेडो निघतो का?

निघतो. किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांत छोटे, झटपट टोर्नेडो होतात. २००४ च्या आयव्हनने अमेरिकेत सुमारे १२० दिले. २०२१ च्या मे महिन्यात 'यास' ओडिशाला धडकण्याच्या आदल्या दिवशी हुगळी-हालिसहर भागात टोर्नेडोने घरं पाडली, ती अशीच.

'ईएफ-३', 'ईएफ-५' म्हणजे काय? ते येण्याआधी कळतं का?

नाही, नंतर ठरतं. पडझड पाहून वाऱ्याचा अंदाज बांधतात. ० ते ५ श्रेणी, आणि ५ म्हणजे ताशी ३२२ किलोमीटरच्या वर. मोजपट्टी मुळात जपानी शास्त्रज्ञ टेट्सुया फुजिता यांची, १९७१ ची. तरुणपणी त्यांनी अणुबाँब पडलेल्या हिरोशिमा-नागासाकीतली झाडं कशी पडलीत ते पाहिलं होतं आणि पुढे शिकागो विद्यापीठात तीच नजर वादळांकडे वळवली. सुधारित 'ईएफ' श्रेणी २००७ पासून. २०१३ च्या मूरनंतर बारा वर्षं एकही ईएफ-५ नव्हता. मग २० जून २०२५ ला नॉर्थ डाकोटातल्या एंडरलिनला झाला. मैदानात, जिथे पाडायला काही नाही, तिथे महाभयंकर टोर्नेडोलाही हलकी श्रेणी मिळू शकते. या पद्धतीतलं हे वैगुण्य मला नेहमी खटकतं.

अंदाज किती आधी मिळतो?

'आज या भागात पोषक हवा आहे' हे काही दिवस आधी. 'तुमच्या गावावर येतोय' हे सरासरी दहा-पंधरा मिनिटं आधी. कधी त्याहून कमी, कधी शून्य.

यामागे मजेशीर इतिहास आहे. १८८४ मध्ये अमेरिकी लष्करातल्या जॉन फिन्ली यांनी टोर्नेडोचे अंदाज देऊन ९६.६ टक्के अचूकतेचा दावा केला. कुणीतरी हिशेब केला, की रोज डोळे मिटून 'होणार नाही' म्हटलं असतं तर ९८.२ टक्के बरोबर आलं असतं! पुढे कित्येक दशकं सरकारी अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्दच वापरायला मनाई होती, लोक घाबरतील म्हणून. २० मार्च १९४८ ला ओक्लाहोमा सिटीजवळच्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडोने विमानांचा चुराडा केला. तळावरचे हवामान अधिकारी फॉबुश आणि मिलर यांनी तशी हवा कधी कधी असते ते शोधायला घेतलं. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशा तसाच दिसला. त्यांनी धीर करून इशारा दिला, विमानं बांधली, आणि संध्याकाळी त्याच तळावर खरंच टोर्नेडो आला. त्या दिवसापासून हे शास्त्र सुरू झालं, असं मानतात.

'वॉच' आणि 'वॉर्निंग' यांत काय फरक?

वॉच म्हणजे आभाळ भरून आलंय. कामं चालू ठेवा, कान उघडे ठेवा. वॉर्निंग म्हणजे रडारवर फिरकी दिसली किंवा कुणी डोळ्यांनी पाहिला. उठा.

हवामान बदलामुळे टोर्नेडो वाढलेत का?

जोरदार टोर्नेडोंची वर्षाची संख्या वाढल्याचं नोंदींत ठळक दिसत नाही. वाढले ते दुबळ्यांचे आकडे, कारण रडार आणि मोबाइल आले. मात्र टोर्नेडोचे दिवस कमी झालेत आणि एकाच दिवशी पुष्कळ होण्याचं प्रमाण वाढलंय.

आईबाबा मे महिन्यात डॅलसला येताहेत. तिकीट बदलावं का?

नको. अमुक एका घरावर टोर्नेडो येण्याची शक्यता या भागातही फार कमी आहे. इथे वीस-वीस वर्षं राहून एकही न पाहिलेली माणसं मला ठाऊक आहेत. मी स्वतःही पाहिलेला नाही, गारांनी गाडीचा पत्रा मात्र दोनदा ठोकून घेतलाय. आईबाबा आले की पहिल्याच दिवशी घरात कुठे जाऊन बसायचं ते दाखवा आणि ते एकटे असताना फोन जवळ ठेवायला सांगा.

वॉर्निंग आली तर कुठे जायचं?

तळघर असेल तर तळघरात. टेक्सासमध्ये बहुतेक घरांना ते नसतं. मग तळमजल्यावरची, घराच्या मधली, खिडकी नसलेली छोटी खोली : न्हाणीघर, कपड्यांची खोली, जिन्याखालची जागा. पायांत बूट, डोक्यावर मुलांच्या सायकलचं हेल्मेट, अंगावर गादी. माणसं मरतात ती बहुधा उडून आलेल्या वस्तूंनी. खिडक्या उघडत बसू नका. हवेचा दाब समान होतो वगैरे जुनी समजूत खोटी आहे आणि त्यात वेळ जातो. महामार्गाच्या पुलाखाली आसरा घेऊ नका. तिथे वारा उलट जास्त जोराने घुसतो, आणि ३ मे १९९९ ला तशीच तीन माणसं गेली. चाकांवरच्या घरात असाल तर वॉच असतानाच पक्क्या इमारतीत जा.

आणि शूटिंग करायला अंगणात उभे राहू नका. हे मुख्यतः बाबांसाठी.

भोंगा वाजतोय, पण आभाळ निरभ्र आहे. हे कसं?

आज वार कोणता? डॅलसच्या आसपास बऱ्याच गावांत महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता भोंग्याची चाचणी असते. इलिनॉयमध्ये पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला, ओक्लाहोमा सिटीत तर दर शनिवारी बाराला. आमच्या सासूबाई पहिल्या खेपेला कुकरचा गॅस बंद करून, देवाची मूर्ती हातात घेऊन न्हाणीघरात जाऊन बसल्या होत्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, आम्हीच सांगायला विसरलो होतो. आभाळ काळवंडलेलं असेल त्या दिवशी चाचणी घेत नाहीत. तेव्हा बुधवार असला, बारा वाजले असले, तरी भोंगा खरा समजायचा.